वाऱ्याचे चक्र आणि त्याचा लगाम

वाराणसीत गंगा आपला पूर्वेकडचा मार्ग सोडून काही अंतर उत्तरेकडे वाहते. तिच्या डाव्या, म्हणजे पश्चिम तीरावर घाटांची रांग आहे; त्यामुळे या घाटांचे तोंड उगवतीकडे असते. मणिकर्णिका घाटावरून उत्तरेकडे चालू लागले, की प्रथम शिंदे घाट लागतो, मग संकठा घाट येतो, आणि थोडे पुढे गेल्यावर नागपूरकर भोसल्यांचा घाट दिसतो. संकठा देवीच्या मंदिरावरून या घाटाला नाव मिळाले आहे. पायऱ्यांसमोर नदीचे विस्तीर्ण पात्र आणि त्यापलीकडे वाळूचा उघडा तीर आहे. पाठीमागे मात्र उंच वाडे, देवळांची शिखरे आणि अरुंद गल्ल्या यांची दाटी आहे.

वाऱ्याच्या दृष्टीने अशी जागा दुटप्पी असते. पावसाळ्यात पूर्वेकडून येणारा वारा पाण्यावरून सरळ घाटावर येतो. त्याला वाटेत काही आडवे येत नाही. उन्हाळ्यात पश्चिमेकडून वाहणारी ‘लू’ मात्र घरांच्या दाटीवर आपटते आणि भोवरे करीत खाली उतरते. वर्षातील पुष्कळ दिवस वारा इतका मंद असतो, की झाडाचे पान जेमतेम हलते. आणि तरीही वैशाख-ज्येष्ठात एखाद्या दुपारी क्षितिजावर धुळीचा पडदा उभा राहतो व काही मिनिटांतच आंधी शहरावर कोसळते. शिडाची नाव असेल, तर अशा वेळी नावाडी आधी शीड उतरवितो आणि मग इतर गोष्टींकडे पाहतो.

नावाड्याच्या या कृतीत पवनचक्की बांधणाऱ्यासाठी मोठा धडा आहे. लाकूड, तांब्याची तार आणि चुंबक यांपासून वीज देणारी लहान पवनचक्की हाताने तयार करणे एखाद्या शाळेच्या कर्मशाळेला अशक्य नाही. चक्र फिरू लागले, की काम संपले असा अनेकांचा समज होतो. परंतु जे चक्र हवे तेव्हा थांबविता येत नाही, ते यंत्र नव्हे, ते संकट होय. म्हणून पवनचक्कीच्या रचनेचा विचार तिच्या लगामापासून सुरू करणे इष्ट ठरते.

घनाचा नियम

वारा म्हणजे वाहती हवा, आणि हवेला वजन असते. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर चक्राच्या वर्तुळातून दर सेकंदाला दुप्पट हवा जाते. शिवाय त्या हवेच्या प्रत्येक किलोग्रॅममधील गतिज ऊर्जा चौपट झालेली असते. दोन गुणिले चार म्हणजे आठ. म्हणजेच वेग दुप्पट झाला, की वाऱ्यातील शक्ती आठपट होते. वेग तिप्पट झाला, की ती सत्तावीसपट होते. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते असे म्हणतात, ते याच अर्थाने.

दोन मीटर व्यासाचे एक चक्र उदाहरणादाखल घ्यावे. त्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस मीटर असते. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या मंद वाऱ्यात या वर्तुळातून जाणारी शक्ती सुमारे ५० वॅट असते. वेग ५ मीटर झाला, की ती सुमारे २३५ वॅट होते. १० मीटरला सुमारे १,९०० वॅट. आणि सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वादळात ती १५,००० वॅटवर जाते. मंद वारा आणि वादळ यांच्या वेगात सातपटीहून कमी अंतर आहे. त्यांच्या शक्तीत मात्र सुमारे तीनशे पटींचे अंतर पडते.

ही सर्व शक्ती चक्राला मिळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले, की कोणतेही चक्र वाऱ्यातील शक्तीचा सत्तावीसांतील सोळा भागांपेक्षा, म्हणजे सुमारे ५९ टक्क्यांपेक्षा अधिक भाग घेऊ शकत नाही. सगळी शक्ती काढून घेतली, तर हवा चक्रामागे थबकेल आणि पुढून नवी हवा येणे बंद होईल. हाताने केलेल्या यंत्रात पाती, जनित्र आणि तारा यांतील हानी वजा जाता शेवटी विसापासून तीस टक्क्यांपर्यंत शक्ती विजेच्या रूपाने हाती येते. पाव हिस्सा धरला, तरी वरील चक्र ५ मीटर वेगाला सुमारे ६० वॅट देईल आणि वादळात जनित्रावर जवळजवळ ३,८०० वॅटचा भार लादू पाहील. ५०० वॅटचे जनित्र हा भार सोसू शकत नाही. त्याची वेटोळी जळून जातील.

दुसरा धोका पात्यांना असतो. फिरणाऱ्या पात्याला केंद्रापासून बाहेर ओढणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पात्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य आसापासून ४० सेंटिमीटरवर आहे असे मानावे. चक्र मिनिटाला सुमारे २९० फेरे घेत असताना पाते आपल्या बोल्टांना ३७ किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने ओढते. भार सुटून हेच चक्र १,९०० फेऱ्यांपर्यंत उधळले, तर ही ओढ सुमारे दीड टनाच्याही वर जाते. त्या क्षणी पात्याचे टोक सेकंदाला २०० मीटर वेगाने जात असते. असे पाते निखळले, तर ते कोठे जाऊन पडेल हे कोणालाही सांगता येणार नाही.

लगामाचा इतिहास

वारा वाढला असता चक्राला आवरावे कसे, हा प्रश्न विजेहून जुना आहे. अमेरिकेत डॅनियल हॅलडे यांनी १८५४ मध्ये पाणी उपसणारी एक पवनचक्की तयार केली. तिचा विशेष हा, की वारा वाढताच ती माणसाच्या मदतीवाचून आपला वेग मर्यादेत ठेवी. पवनचक्कीपासून वीज निर्माण करण्याचा आरंभीचा यशस्वी प्रयोग स्कॉटलंडमधील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये मेरीकर्क येथील आपल्या घराच्या बागेत केला. पुढच्याच वर्षी चार्ल्स ब्रश यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १७ मीटर व्यासाचे आणि १४४ पात्यांचे प्रचंड चक्र उभारले. त्यापासून जास्तीत जास्त १२ किलोवॅट वीज मिळे. वादळात हे चक्र वाऱ्याला पाठमोरे नव्हे, तर कडेने उभे करण्याची सोय त्याच्या बांधणीतच होती.

डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची पवनचक्की बांधली. तिच्या तीन पात्यांची टोके स्वतंत्र होती. चक्र मर्यादेबाहेर फिरू लागले, की ती टोके वळून हवेला आडवी होत आणि चक्राला रोखीत. याच देशात होर्न्सलेट गावाजवळ फेब्रुवारी २००८ मध्ये एका मोठ्या पवनचक्कीचा ब्रेक वादळात निकामी झाला. चक्र उधळले, पाती फुटली आणि मनोरा मोडून पडला. शंभर वर्षांहून अधिक काळाच्या अनुभवानंतरही लगाम सुटला, की काय होते, याचे ते चलच्चित्र जगभर पाहिले गेले.

भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ मध्ये पवनशक्तीच्या अभ्यासासाठी एक उपसमिती नेमली. पुढे बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत पाणी उपसण्यासाठी ‘डब्ल्यूपी-२’ नावाची बारा पात्यांची, सुमारे ५ मीटर व्यासाची पवनचक्की तयार करण्यात आली आणि १९६० च्या दशकात तशा दोनशेच्या आसपास चक्क्या बनविण्यात आल्या. १९८६ मध्ये महाराष्ट्राचा कोकण किनारा, गुजरातेतील ओखा आणि तमिळनाडूचा किनारा येथे ५५ किलोवॅटच्या यंत्रांची पहिली पवनक्षेत्रे उभी राहिली. त्यानंतर सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागल्या. या जागांची निवड नशिबावर सोपविलेली नव्हती. वाऱ्याची मोजणी करून ती केलेली होती.

हाताने केलेल्या चक्कीचे अलीकडचे प्रसिद्ध उदाहरण आफ्रिकेतील मलावी देशाचे आहे. दुष्काळामुळे शाळा सुटलेल्या विल्यम कामक्वाम्बा या मुलाने २००२ च्या सुमारास आपल्या गावच्या ग्रंथालयातील पुस्तकांवरून पवनचक्कीची कल्पना घेतली आणि सायकलचा डायनॅमो, ट्रॅक्टरचा पंखा व प्लॅस्टिकचा नळ यांपासून ती उभी केली. तिच्या विजेने त्याच्या घरात दिवे लागले.

जागेची परीक्षा

चक्रासाठी एक ढोबळ नियम सर्वत्र पाळला जातो. शे-दीडशे मीटरांच्या आत जे सर्वांत उंच घर किंवा झाड असेल, त्याच्याही वर किमान दहा मीटर उंचीवर पात्याचे खालचे टोक असावे. त्याखालची हवा भोवऱ्यांनी भरलेली असते. भोवऱ्यांत चक्र सतत तोंड फिरवीत राहते, शक्ती कमी मिळते आणि पाती व धारवे लवकर झिजतात.

संकठा घाटाला हा नियम लावून पाहिला, तर अडचण ताबडतोब ध्यानात येते. पाठीमागच्या वाड्यांवर दहा मीटर उंच जाणारा मनोरा ताणाच्या तारांनी बांधावयास तेथे मोकळी जमीन नाही. घाटाच्या पायऱ्यांवर पाया घालावा, तर गंगेचा पूर तेथे दरवर्षी पोचतो. वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर मानली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. तीरावरची भूमी जड बांधकामाला कितपत साथ देते, याचा दाखलाही जवळच आहे. शेजारचा शिंदे घाट १८३० च्या सुमारास बांधला गेला आणि स्वतःच्या भाराने खचला. त्याच्याजवळचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूला कललेले दिसते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की घाट माणसांनी भरलेला असतो. स्नान करणारे, पूजा करणारे, नावेत चढणारे आणि पायऱ्यांवर खेळणारी मुले यांच्या डोक्यावर फिरते चक्र ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. मनोऱ्याच्या उंचीच्या दीडपट त्रिज्येचे वर्तुळ मोकळे असावे, हा संकेत पाळावयाचा, तर शहराबाहेरच्या शेताकडेच जावे लागेल.

वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ४ मीटरहून कमी असेल, तर घरगुती पवनचक्की क्वचितच परवडते. सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात वरील दोन मीटरचे चक्र दिवसभर अखंड फिरले, तरी जेमतेम पाव युनिट वीज मिळेल. त्याच प्रदेशातील निरभ्र दिवशी एक चौरस मीटरचे सौर पटल पाऊण ते एक युनिट देऊ शकते. म्हणून घाटाजवळच्या शाळेने दिव्यासाठी सूर्याकडे पाहावे. वाऱ्याचा अभ्यास करण्यासाठी मात्र ६० सेंटिमीटर व्यासाचे, चारही बाजूंनी तारेच्या जाळीत बंद केलेले चक्र गच्चीवर पुरेसे आहे. चांगल्या वाऱ्यात ते तीन-चार वॅट देते. इतक्या विजेवर एक लहान दिवा लागतो, आणि पुढे वर्णन केलेले सर्व लगाम त्यावर तपासून पाहता येतात. दोन मीटरचे चक्र उघड्या जागेसाठी, मोजलेल्या वाऱ्यासाठी आणि जाणत्या हातांसाठी राखून ठेवावे.

चक्राची बांधणी

पाती तीन असावीत. दोन पात्यांचे चक्र दिशा बदलताना हिसके देते. तीन पात्यांचे संथपणे वळते. देवदारासारखे हलके, सरळ रेषांचे, गाठी नसलेले आणि चांगले वाळलेले लाकूड निवडावे. पात्याची वाऱ्याकडील बाजू सपाट आणि मागची बाजू फुगीर तासावी. पुढची कड गोल व मागची कड पातळ ठेवावी. पात्याला पीळ द्यावा लागतो. टोक वेगाने फिरते, म्हणून तेथे पाते चक्राच्या प्रतलाशी अवघ्या तीन-चार अंशांचा कोन करते; मुळाशी तो कोन पंधरा-वीस अंशांपर्यंत वाढवितात. तिन्ही पात्यांचे वजन तराजूवर सारखे करावे. चक्र जोडल्यानंतर ते हलक्या आसावर मोकळे सोडून पाहावे. प्रत्येक वेळी एकच पाते खाली येत असेल, तर समोरच्या बाजूस शिशाचा तुकडा स्क्रूने घट्ट बसवून तोल साधावा.

अशा पात्यांचे टोक वाऱ्याच्या सुमारे सहापट वेगाने फिरते. सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात दोन मीटरचे चक्र मिनिटाला सुमारे १७० फेरे घेते. जनित्र याच वेगाला बॅटरी भरू लागेल अशा बेताने त्याच्या वेटोळ्यांतील वेढे मोजून घ्यावेत.

जनित्राचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधले: तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकक्षेत्र बदलले, की तारेत विद्युत्‌दाब निर्माण होतो. घरगुती यंत्रात पोलादाच्या दोन गोल तबकड्यांवर प्रत्येकी बारा चुंबक उत्तर व दक्षिण ध्रुव आलटून पालटून चिकटवितात. तबकड्या समोरासमोर ठेवून त्यांच्या मधल्या फटीत तांब्याच्या तारेची नऊ वेटोळी राळेत ओतून पक्की बसवितात. वेटोळी स्थिर राहतात आणि तबकड्या पात्यांसह फिरतात. नऊ वेटोळी तीन-तीनच्या गटांत जोडली, की तीन कलांचा प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो. तो एकदिशकारकातून सरळ करून बॅटरीला देतात. फिरणाऱ्या भागासाठी मोटारीच्या चाकाचा जुना हब आणि त्याचे धारवे उत्तम काम देतात.

यासाठी वापरले जाणारे निओडिमियमचे चुंबक १९८० च्या दशकात प्रचारात आले. त्यांची ओढ इतकी जबर असते, की दोन चुंबकांमध्ये सापडलेले बोट चिरडते. ते एक-एक करून, लाकडी साच्याच्या साहाय्याने बसवावेत. तबकड्या जवळ आणताना हातांऐवजी आटे असलेल्या लांब बोल्टांचा उपयोग करावा. या चुंबकांचे साधे प्रकार ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले, की दुबळे होतात. ब्रेकच्या संदर्भात ही गोष्ट पुन्हा उपयोगी पडेल.

पहिला लगाम: अंग चोरणारे चक्र

उत्तम लगाम तोच, जो मालक झोपलेला असतानाही काम करतो. लहान पवनचक्कीत हे काम शेपूट करते. शेपटामुळे चक्राचे तोंड वाऱ्याकडे राहते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु चक्राचा आस मनोऱ्याच्या उभ्या आसाच्या बरोबर समोर न ठेवता, चक्राच्या व्यासाच्या सुमारे विसाव्या भागाइतका बाजूला सरकविला, तर वाऱ्याचा दाब चक्राला सतत एका अंगाला वळवू पाहतो. शेपूट त्याला विरोध करते.

आता शेपूट पक्के न जोडता ते तिरप्या बिजागरीवर टांगावे. बिजागरीचा खिळा उभ्या रेषेपासून सुमारे वीस अंश कललेला असला, की शेपूट बाजूला वळताना थोडे वर उचलले जाते. मंद वाऱ्यात शेपटाचे वजन त्याला खालच्या जागी ठेवते आणि चक्र वाऱ्यासमोर उभे राहते. वारा मर्यादेबाहेर गेला, की चक्रावरील दाब शेपटाच्या वजनावर मात करतो. शेपूट उचलले जाते, चक्र वाऱ्याला कडेने उभे राहते आणि त्यातून जाणारी हवा कमी होते. वारा ओसरला, की शेपूट आपल्याच वजनाने खाली येते व चक्र पुन्हा समोर वळते. यात स्प्रिंग नाही, वीज नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

शेपटाचे वजन मात्र नीट बेतावे लागते. ते जास्त असेल, तर चक्र वादळातही समोरच उभे राहील. कमी असेल, तर साध्या वाऱ्यातही तोंड फिरवील. बिजागरी गंजून अडकली, तर सारी योजना निष्फळ होते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तिला वंगण द्यावे. शेपटाचा प्रवास दोन्ही टोकांना अडविणारे घट्ट अटकाव असावेत, नाही तर ते उलटून पात्यांवर आदळेल.

दुसरा लगाम: वीज

जनित्राच्या तिन्ही तारा एकमेकींना थेट जोडल्या, की वेटोळ्यांतून मोठा प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह चुंबकांच्या गतीला विरोध करतो. चक्र मंदावते, पात्यांवरील हवेचा ओघ तुटतो आणि चक्र जवळजवळ थांबून हळूहळू कुरकुरत राहते. हा विजेचा ब्रेक स्वस्त, साधा आणि जमिनीवरून लावता येण्यासारखा आहे.

यासाठीची कळ जनित्र आणि एकदिशकारक यांच्या मध्ये, प्रत्यावर्ती प्रवाहाच्या बाजूला असली पाहिजे. बॅटरीच्या बाजूच्या दोन तारा चुकून एकत्र आल्या, तर बॅटरीचाच प्रचंड प्रवाह त्यांतून वाहील आणि आग लागेल. एकदिशकारक वीज उलट जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या अलीकडे जोड केल्यास बॅटरी सुरक्षित राहते. बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा, तो वेगळाच.

या ब्रेकला एक मर्यादा आहे आणि ती न जाणल्यामुळे यंत्रे नष्ट होतात. चक्र वेगात आले असताना तारा जोडल्या, तर वेटोळ्यांचा स्वतःचा विरोध प्रवाहाला वाढू देत नाही, आणि वाऱ्याचा जोर ब्रेकच्या जोरावर मात करतो. मग चक्र थांबत नाही, वेटोळी मात्र तापत जातात. उष्णता चुंबकांपर्यंत पोचली, की ते दुबळे होतात. चुंबक दुबळे झाले, की ब्रेक आणखी दुबळा होतो. या फेऱ्यात सापडलेले जनित्र वाचत नाही. म्हणून विजेचा ब्रेक वादळ येण्यापूर्वी लावावयाचा असतो. पाने व लहान फांद्या सतत हलत असतील, तोपर्यंत चिंता नाही. लहान झाडे बुंध्यापासून डोलू लागली, म्हणजे वारा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आला असे समजावे; ब्रेक लावण्याची ती अखेरची वेळ होय.

तिसरा लगाम: भार

बॅटरी भरली, की वीज तोडावी असे सौर पटलाच्या बाबतीत शिकविले जाते, आणि तेथे ते योग्यही आहे. पवनचक्कीची वीज तोडणे म्हणजे चढावर गाडी ओढणाऱ्या बैलांचे जू अचानक सोडण्यासारखे आहे. जनित्रावरील भार गेला, की चक्राला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि ते काही सेकंदांत उधळते.

यासाठी भरलेल्या बॅटरीतील जादा वीज उष्णता देणाऱ्या रोधाकडे वळविणारा नियंत्रक वापरतात. २४ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरताना तिचा दाब सुमारे २८ व्होल्ट होतो. तिला १.५ ओहमचा रोध जोडला, तर त्यातून १८ ते १९ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे ५२० वॅट शक्ती उष्णतेत जाते. ५०० वॅटच्या चक्कीला हा भार पुरतो. रोध तापतो, म्हणून तो भिंतीपासून दूर, लोखंडी जाळीत, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावा. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. तेव्हा रोध आणि बॅटरी एकाच बंद खोलीत कधीही ठेवू नयेत.

उभारणी आणि रोजची शिस्त

मनोऱ्यासाठी ताणाच्या तारांनी बांधलेला पोलादी नळ सोयीचा असतो. त्याच्या बुंध्याशी बिजागरी आणि काटकोनात एक आडवा खांब जोडला, की दोराने ओढून मनोरा उभा करता येतो व दुरुस्तीसाठी पुन्हा निजविता येतो. त्यामुळे कोणालाही उंचावर चढावे लागत नाही. सेकंदाला २० मीटर वाऱ्यात, समोर उभ्या असलेल्या दोन मीटर चक्रावर सुमारे ६० किलोग्रॅम वजनाइतका आडवा दाब येतो. तारा आणि जमिनीतील खुंट हा दाब आणि त्याचे हिसके सोसतील इतके मजबूत असावेत.

ज्यांच्याकडे चक्कीची देखरेख असेल, त्यांनी पुढील नियम लिहून कळीच्या पेटीवर लावावेत.

१. मनोरा उभा करताना आणि निजविताना ब्रेक लावलेला असावा, व दोरी किंवा तार तुटली तर मनोरा जेथे पडेल त्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

२. चक्र फिरत असताना त्याच्या पात्यांच्या प्रतलात उभे राहू नये. निखळलेले पाते त्याच दिशेने जाते.

३. फिरते चक्र हाताने, काठीने किंवा दोराने थांबविण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

४. वादळाची चिन्हे दिसताच ब्रेक लावावा. रात्री किंवा सुटीत कोणी जवळ नसेल, तर तो आधीच लावून ठेवावा.

५. ब्रेक लावूनही चक्र थांबले नाही, तर जवळ जाऊ नये. सर्वांना दूर न्यावे आणि वारा पडेपर्यंत वाट पाहावी. यंत्र पुन्हा करता येते.

६. चक्र थांबल्यानंतर कारण शोधल्यावाचून ते पुन्हा सुरू करू नये.

याखेरीज एक वही ठेवावी. तीत तारीख, वाऱ्याचा अंदाज किंवा मोजलेला वेग, बॅटरीचा दाब आणि ब्रेक लावल्यापासून चक्र थांबेपर्यंत लागलेले सेकंद ही नोंद दर पंधरा दिवसांनी करावी. सारख्याच वाऱ्यात हे सेकंद वाढत चालले असतील, तर कोठेतरी जोड सैल झाली आहे, एखादी तार तुटली आहे किंवा चुंबक दुबळे होऊ लागले आहेत, असे समजावे. वादळ येऊन दोष दाखविण्यापूर्वी वहीतील आकडा तो दाखवितो. अशी नोंद एखाद्या वर्गातील विद्यार्थीही पाळीपाळीने ठेवू शकतात, आणि यंत्र किती वीज देते याबरोबरच ते आपल्या किती आज्ञेत आहे, हे मोजावयास त्यातून शिकू शकतात.